स्किप स्पेन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्किप स्पेन्स कोण?

खरं नाव अलेक्झांडर ली स्पेन्स, पण सगळे स्किपच म्हणायचे. जन्म १८ एप्रिल १९४६, कॅनडातल्या विंडसरचा. मधली नदी ओलांडली की समोर अमेरिकेचं डेट्रॉइट, इतकं ते गाव बॉर्डरला चिकटून आहे. वडील दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानाचे पायलट होते. पन्नासच्या दशकाच्या शेवटी घरचे कॅलिफोर्नियात सॅन होजेला आले, आणि साठचं दशक अर्ध्यावर येईपर्यंत तिथून तासाभरावरच्या सॅन फ्रान्सिस्कोत हिप्पी रॉकचं जे काय सुरू झालं त्याच्या अगदी मधोमध हा पोरगा जाऊन उभा राहिला.

थोडक्यात करियर सांगायचं तर जेफरसन एअरप्लेन या रॉक बँडचा ड्रमर, मग मोबी ग्रेप या बँडचा गिटारिस्ट आणि गाणी लिहिणारा, मग 'ओर' नावाचा एकच एक सोलो अल्बम, तोही एकट्याने सगळी वाद्यं वाजवून केलेला, आणि मग तीस वर्षं जवळपास काही नाही. १६ एप्रिल १९९९ ला सांताक्रूझमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला, दोन दिवसांनी ५३ वर्षांचा झाला असता.

इतका महत्त्वाचा असेल तर नाव कधी ऐकलं कसं नाही?

कारण साठच्या दशकातल्या रॉकची जी गोष्ट आपल्यापर्यंत पोचली ती हिट गाण्यांची आहे. बीटल्स, डिलन, डोअर्स, हेंड्रिक्स, तिथेच यादी थांबते. स्किपचं त्या अर्थाने हिट गाणं एकही नाही. 'ओमाहा' हे मोबी ग्रेपचं त्याने लिहिलेलं गाणं अमेरिकन चार्टवर ८८ नंबरपर्यंत गेलं आणि त्याच्या नावावर एवढंच. पण गाणी बनवणाऱ्या लोकांना विचारा. रॉबर्ट प्लांट, टॉम वेट्स, बेक यांनी त्याची गाणी गायली आहेत आणि त्यांना कोणी जबरदस्ती केली नव्हती.

तो ड्रमर होता की गिटारिस्ट?

गिटारिस्ट. ड्रमर झाला तो मार्टी बालिनमुळे. १९६५ मध्ये बालिन सॅन फ्रान्सिस्कोत मॅट्रिक्स नावाचा क्लब काढत होता आणि त्या क्लबसाठी स्वतःचा बँड जमवत होता, तोच जेफरसन एअरप्लेन. पहिला ड्रमर जेरी पेलोक्विन टिकला नाही. स्किप तेव्हा क्विकसिल्व्हर मेसेंजर सर्व्हिस या बँडच्या अगदी सुरुवातीच्या जमवाजमवीत गिटार घेऊन फिरत होता. बालिनने त्याला बघितलं आणि हा दिसतोच ड्रमरसारखा म्हणून थेट विचारलं, आमच्यात ड्रम्स वाजवशील का. आणि हा वाजवायला लागला.

एअरप्लेनचा पहिला अल्बम १९६६ चा, 'जेफरसन एअरप्लेन टेक्स ऑफ', त्यावर ड्रम्स स्किपचे आहेत आणि त्यातलं पहिलंच गाणं 'ब्लूज फ्रॉम अॅन एअरप्लेन' त्याने बालिनबरोबर लिहिलंय. ते हेडफोन लावून ऐका. ड्रम्स नुसता ठेका धरून बसत नाहीत, गाण्याच्या ओळीबरोबर वरखाली होतात, गिटारवाला माणूस ड्रम्सवर बसला की असं होतं, त्याला बीटपेक्षा चाल आधी ऐकू येते. हे लक्षात ठेवा, पुढे 'ओर'च्या वेळी कामाला येईल.

मग एअरप्लेन सोडलं का?

सोडलं नाही, काढलं. कोणाला न सांगता मेक्सिकोला निघून गेला, परत आला तेव्हा त्याच्या जागी स्पेन्सर ड्रायडन हवा असं ठरलेलं होतं. पण गाणी राहिली. १९६७ च्या सुरुवातीला आलेला एअरप्लेनचा दुसरा अल्बम 'सररिअॅलिस्टिक पिलो', जो अमेरिकेत तीन नंबरपर्यंत गेला, त्यातलं 'माय बेस्ट फ्रेंड' स्किपचं. म्हणजे बँडमधून बाहेर काढल्यावरही त्या बँडच्या सगळ्यात गाजलेल्या अल्बमवर याचं गाणं होतं आणि सिंगल म्हणूनही (सिंगल म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड) तेच आधी काढलं होतं.

मोबी ग्रेप काय प्रकार होता?

माझ्या मते त्या वेळच्या सॅन फ्रान्सिस्कोतला सगळ्यात चांगला बँड, आणि ग्रेटफुल डेड आवडणाऱ्यांनी रागवू नये पण मी हे विचार करून म्हणतोय. पाच जण होते, स्किप, जेरी मिलर, पीटर लुइस, बासवर बॉब मोझली आणि ड्रम्सवर डॉन स्टीव्हन्सन. तीन गिटार. पाचही जण गाणारे आणि पाचही जण गाणी लिहिणारे, असं किती बँडमध्ये असतं? पीटर लुइस हा लोरेटा यंग या हॉलिवूडच्या अॅक्ट्रेसचा मुलगा. सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसलिटोला किनाऱ्याला बांधून ठेवलेल्या एका जुन्या फेरीबोटीवर, तिचं नाव 'आर्क', तिथे हे लोक प्रॅक्टिस करायचे आणि वाजवायचे.

बाकीचे बँड तेव्हा एकेक गाणं वीस वीस मिनिटं ताणायचे. मोबी ग्रेपची गाणी दोन-अडीच मिनिटांची. त्यात तीन गिटार एकमेकांच्या पायात पाय न घालता वेगवेगळं काहीतरी वाजवतायत आणि वर चार-पाच आवाजांची हार्मनी. पहिल्या अल्बमवर १३ गाणी आहेत, कंट्री आहे, ब्लूज आहे, सोल आहे, आणि स्किपची 'ओमाहा' आणि 'इनडिफरन्स' ही दोन त्यात सगळ्यात जास्त सुसाट सुटलेली. 'ओमाहा' सुरू होतानाच गिटारचा आवाज एका बाजूने गरगरत आत येतो आणि मग जवळपास सव्वादोन मिनिटं श्वास घ्यायला जागा नाही. ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा संपल्यावर लगेच परत लावलं आणि अजूनही तसंच होतं.

एवढा भारी बँड होता तर फसला कसा?

मला हा प्रश्न विचारला की राग येतो, विचारणाऱ्याचा नाही, त्या सगळ्या प्रकाराचा. कोलंबिया रेकॉर्ड्सने ६ जून १९६७ ला अल्बम काढला आणि त्याच दिवशी त्यातली दहा गाणी पाच सिंगल्स म्हणून एकदम बाजारात सोडली. पाच! तेव्हाचं अमेरिकन रेडिओचं गणित असं की कंपनी एक सिंगल ढकलते, स्टेशन्स ते वाजवतात, लोक मागतात, मग दुसरं. इथे प्रत्येक स्टेशनने वेगळं गाणं उचललं किंवा कुठलंच नाही. एकाच मुहूर्तावर पाच लग्नांची आमंत्रणं आल्यासारखं झालं, माणूस शेवटी कुठेच जात नाही. वरती डीजे लोकांना वाटलं की कंपनी हा बँड आपल्या घशात कोंबतेय, त्यामुळे बँडवरच राग.

लाँचची पार्टी अॅव्हलॉन बॉलरूममध्ये झाली, जांभळी ऑर्किडची फुलं वगैरे, आणि त्याच रात्री पार्टीनंतर बँडमधल्या तिघांना, त्यात स्किप पण, अल्पवयीन मुलींबरोबर सापडले म्हणून पोलिसांनी पकडलं. ते आरोप पुढे मागे घेतले गेले, पण पेपरात जे यायचं ते येऊन गेलं होतं. अल्बमच्या कव्हरवरच्या फोटोत डॉन स्टीव्हन्सनने मधलं बोट दाखवलंय हेही छापून झाल्यावर लक्षात आलं आणि मग पुढच्या छपाईत ते पुसावं लागलं. त्याच महिन्यात माँटेरे पॉप फेस्टिव्हलला वाजवलं पण फेस्टिव्हलच्या त्या प्रसिद्ध सिनेमात मोबी ग्रेप दिसत नाही. ज्या सिनेमाने हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन घराघरात पोचवले त्यातून हे गायब, विचार करा.

तरी अल्बम २४ नंबरपर्यंत गेला. म्हणजे लोकांना आवडत होतं.

मॅनेजरचं काय प्रकरण होतं?

मॅथ्यू कॅट्झ. आधी एअरप्लेनचा मॅनेजर, त्यांनी त्याला काढलं, मग याने मोबी ग्रेप जमवायला मदत केली. बँडने करारात 'मोबी ग्रेप' या नावाचा हक्क त्याच्याकडे जाऊ दिला आणि मग कोर्टकचेरी कित्येक दशकं चालली, मधल्या काळात कॅट्झने वेगळीच माणसं घेऊन त्याच नावाचा बँड स्टेजवर उभा केला, आणि खऱ्या बँडला स्वतःच्या नावाने वाजवता येत नाही म्हणून भलतीच नावं घ्यावी लागली. नाव परत मिळालं ते २००० नंतर. स्किप तोपर्यंत गेलेला होता.

कुऱ्हाडीची गोष्ट खरी आहे का?

हो, खरी आहे. दुसऱ्या अल्बमच्या वेळी, 'वॉव', तो १९६८ ला आला, कंपनीने बँडला घरापासून लांब न्यूयॉर्कला नेलं होतं. स्किपचं एलएसडी हे ड्रग घेणं तिथे खूप वाढलं. त्या अवस्थेत त्याने आगीच्या वेळी वापरायची कुऱ्हाड घेतली आणि ग्रीनिच व्हिलेजमधल्या अल्बर्ट हॉटेलात डॉन स्टीव्हन्सनच्या खोलीचं दार तोडायला गेला, आणि तिथे तो सापडला नाही म्हणून कुऱ्हाड घेऊनच, कोलंबिया ज्या कंपनीची होती त्या सीबीएसच्या बिल्डिंगकडे. कोणाला लागलं नाही. त्याला धरलं, 'टूम्ब्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या न्यूयॉर्कच्या तुरुंगात ठेवलं आणि तिथून बेलव्ह्यू हॉस्पिटलला पाठवलं. तिथे सहाएक महिने होता. निदान झालं स्किझोफ्रेनिया. तेव्हा वय २२.

यात मजेशीर काही नाही. रॉकच्या गप्पांमध्ये हा किस्सा चवीने सांगितला जातो, मी पण तो इथे सांगितला कारण तुम्ही विचारलंत, पण एक आजारी मुलगा होता आणि त्याचे मित्र जीव मुठीत धरून बसले होते एवढीच ती गोष्ट आहे. त्याच बँडमधल्या बॉब मोझलीलाही पुढे हेच निदान झालं, ते कोणी किस्सा म्हणून सांगत नाही.

आणि हॉस्पिटलच्या पायजम्यात मोटरसायकलवरून नॅशव्हिल?

ही दंतकथा. हॉस्पिटलमधून सुटला, कोलंबियाकडून थोडा अॅडव्हान्स मिळाला, मोटरसायकल घेतली आणि नॅशव्हिलला जाऊन रेकॉर्डिंग केलं, इतका सांगाडा खरा आहे. पायजमा लोकांनी चढवला असावा, कारण पायजम्याशिवाय गोष्ट पुरेशी वेडीवाकडी वाटत नव्हती. मला या पायजम्याचा त्रास होतो. लोक तो पायजमा डोक्यात ठेवून अल्बम ऐकतात आणि मग प्रत्येक सुरात त्यांना हॉस्पिटल ऐकू येतं.

बरं, 'ओर' रेकॉर्ड कसा झाला?

डिसेंबर १९६८, नॅशव्हिलमधला कोलंबियाचा स्टुडिओ. साधारण दोन आठवड्यांत मिळून सातच दिवस प्रत्यक्ष काम. इंजिनियर माइक फिग्लिओ. मोबी ग्रेपचा प्रोड्युसर डेव्हिड रुबिन्सन, त्यानेच कंपनीकडे शब्द टाकून हे जमवून आणलं होतं, पण तो स्वतः नॅशव्हिलला गेला नाही, आणि फिग्लिओला त्याचं सांगणं असं की स्किप जे करेल ते करू दे, टेप चालू ठेव. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. कोणीही दुसरा प्रोड्युसर असता तर तिथे बसून सेशनवाले, म्हणजे रेकॉर्डिंगपुरते पैसे घेऊन वाजवणारे, वादक बोलावले असते, नॅशव्हिलमध्ये तर त्यांची रांग लागलेली असायची.

सगळं स्किपने केलं. गाणी त्याची, आवाज त्याचा, गिटार, बास, ड्रम्स सगळं तोच. आणि मशीन तीन ट्रॅकचं. हे जरा समजून घ्या कारण अल्बमचा आवाज असा का आहे याचं उत्तर यात आहे. तीन ट्रॅक म्हणजे टेपवर एकमेकांपासून वेगळ्या अशा तीनच पट्ट्या. एका पट्टीवर ड्रम्स, एकीवर गिटार, एकीवर आवाज, संपलं. अजून बास हवा असेल, दुसरा आवाज हवा असेल तर आधीचं काहीतरी एकत्र करून जागा मोकळी करायची, आणि एकदा एकत्र केलं की ते सुटं करता येत नाही, ड्रम्स मोठे झाले तर झाले. त्याच काळात बाकीचे लोक आठ ट्रॅकवर गेले होते. त्यामुळे 'ओर'मध्ये प्रत्येक वाद्याभोवती मोकळी जागा आहे, आणि स्किपला आधीच माहीत असावं लागत होतं की नंतर यावर मी काय वाजवणार आहे. ड्रम्स वाजवताना डोक्यात गिटार चालू पाहिजे, गाताना बास. एकटा माणूस, आणि चार जणांचा बँड त्याच्या डोक्यात.

पॉल मॅकार्टनीने एकट्याने सगळं वाजवून सोलो अल्बम काढला तो १९७० ला. स्किपने हे वर्षभर आधी केलं, हातात काहीही साधनं नसताना.

अल्बममध्ये ऐकायला काय आहे?

१२ गाणी. सगळी सांगत नाही, ज्यांच्यावर बोलायलाच पाहिजे ती सांगतो.

'लिटल हँड्स' पहिलं. लहान मुलांबद्दलचं, टाळ्या, आनंद, सगळं जग. शब्द साधे आहेत पण गिटार अशी फिरते की आता पुढचा सूर कुठला लागेल हे सांगता येत नाही, आणि वरचा आवाज पातळ, थोडा हरवलेला. रॉबर्ट प्लांटने हेच गाणं निवडलं होतं.

'क्रिपल क्रीक' आला की वाटतं दुसराच माणूस गायला लागला. खोल, खरखरीत, सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचा आवाज, जुन्या कंट्रीतला. २२ वर्षांचा मुलगा हा आवाज काढतोय. आणि 'वेटेड डाउन', ज्याला तुरुंगाचं गाणं असंही नाव दिलंय, त्यात तर तो अजून खाली जातो. लांब कुठेतरी अडकलेला माणूस घरच्या बाईला विचारतोय की मी नव्हतो तेव्हा इथे काय चाललं होतं. सहा मिनिटं, ठेका जराही घाई करत नाही, गिटारची एखादी ओळ येते आणि गप्प होते. मला विचाराल तर पूर्ण अल्बममधलं सगळ्यात भक्कम गाणं हेच, जॉनी कॅशने गायलं असतं तर लोकांनी डोक्यावर घेतलं असतं.

'वॉर इन पीस' मध्ये सॅन फ्रान्सिस्को परत येतं, गिटार हवेत लांबून आल्यासारखी, शेवटी क्रीम बँडच्या एका फेमस रिफची (गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्याची) झलक दाखवून जातो. 'बुक्स ऑफ मोझेस' मध्ये गडगडाट, पाऊस आणि काहीतरी ठोकल्याचा आवाज. 'ऑल कम टू मीट हर' छोटंसं आहे, त्यात स्वतःच्याच आवाजावर स्वतःचा आवाज चढवलाय आणि तीन ट्रॅकच्या मशीनवर अशी हार्मनी करायला काय लागतं ते वर सांगितलंच. 'लॉरेन्स ऑफ युफोरिया' हा नुसता खट्याळपणा, शब्दांचे खेळ. लोक हे गाणं विसरतात, पण दुःखी वेड्या माणसाचा अल्बम म्हणून 'ओर' विकायचा असेल तर हे गाणं आडवं येतं, म्हणून मला ते आवडतं.

आणि शेवटी 'ग्रे/आफ्रो'. नऊ मिनिटांच्या वर. गिटार जवळपास नाहीच, बास आणि ड्रम्स, आणि आवाज त्यांच्या खाली गाडलेला, शब्द धड कळत नाहीत. पहिल्यांदा ऐकताना बहुतेक जण पुढे ढकलतात. ढकलू नका. इथे तो मॅट्रिक्समधला ड्रमर परत बसलाय, ड्रम्स सतत बदलतायत, बास त्यांच्या मागे मागे, आणि हे दोन्ही एकच माणूस वेगवेगळ्या वेळी वाजवतोय पण ऐकताना दोघे जण एकमेकांकडे बघत वाजवतायत असं वाटतं.

म्हणजे हा आजारातून आलेला अल्बम ना?

मला नेमकं इथेच भांडायचंय. तो आजारी होता, नुकता सहा महिने हॉस्पिटलमध्ये काढून आला होता, गाण्यांत तुरुंग आहे, तुटलेलं मन आहे, हे सगळं मान्य. पण आजार ड्रम्स वाजवत नाही. आजाराला तीन ट्रॅकवर कुठे जागा सोडायची ते कळत नाही. सात दिवसांत १२ गाणी पूर्ण आणि वर अजून कितीतरी अर्धीमुर्धी, सगळी वाद्यं, कंट्री ते सायकेडेलिक सगळ्या शैली, तीन-चार वेगवेगळे आवाज जे तो त्या त्या गाण्यातल्या माणसासाठी मुद्दाम बदलतोय, हे मेहनतीने आणि कसबाने होतं. दोन मोठ्या बँडमध्ये काम करून, कोलंबियाचं पूर्ण बजेट असलेले स्टुडिओ बघून, कितीतरी कार्यक्रम वाजवून आलेला तो प्रोफेशनल होता. आजार असूनही केलं असं म्हणा, मला चालेल. आजारामुळे केलं म्हणणं म्हणजे त्याच्या कामाचं श्रेय काढून आजाराला देणं आहे, आणि त्याच आजाराने पुढे त्याची तीस वर्षं खाल्ली.

त्याला 'अमेरिकेचा सिड बॅरेट' म्हणतात, पटतं का?

सिड म्हणजे पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचा सुरुवातीचा गायक आणि गिटारिस्ट. वरवर पटतं. दोघंही १९४६ चे, दोघंही आपापल्या बँडमधून १९६८ च्या आसपास बाहेर, दोघांच्या बाबतीत एलएसडी. पण सिडचा 'द मॅडकॅप लाफ्स' १९७० ला आला तेव्हा त्याच्या मागे डेव्हिड गिलमोर, रॉजर वॉटर्स, माल्कम जोन्स असे लोक उभे होते, रेकॉर्डिंग अनेक महिने पसरलेलं, दुसरे वादक सिडच्या मागे धावत वाजवतायत. स्किपच्या मागे कोणी धावत नव्हतं. मला सिड पण खूप आवडतो पण ही तुलना आजारावरून केलेली आहे, संगीतावरून नाही.

अल्बम खपला का नाही?

१९ मे १९६९ ला आला आणि कंपनीने त्यासाठी काहीच केलं नाही. टूर नाही. स्किप तेव्हा टूर करण्याच्या परिस्थितीतही नव्हता. कोलंबियाच्या इतिहासात सगळ्यात कमी खपलेल्यांमध्ये 'ओर'चं नाव घेतात, आणि वर्षभरात कॅटलॉगमधून काढूनही टाकला. एक चांगली गोष्ट झाली, ग्रील मार्कस या समीक्षकाने रोलिंग स्टोन या नियतकालिकात त्याच्यावर कौतुकाने लिहिलं, म्हणजे त्याच वर्षी कोणाला तरी कळलं होतं. बाकी जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत सवलतीच्या ढिगात पडलेल्या प्रती लोकांनी उचलल्या आणि एकमेकांना टेप करून दिल्या, असाच तो पुढे पोचला.

त्यानंतर स्किपचं काय झालं?

मोबी ग्रेप १९७१ ला परत एकत्र आला, '२० ग्रॅनाइट क्रीक' नावाचा अल्बम, त्यात स्किपचं 'चायनीज साँग' आहे, कोटो या जपानी वाद्यावर वाजवलेलं, शब्द नसलेलं, सुंदर. त्याआधी १९६९ च्या 'मोबी ग्रेप '६९' वर त्याचं जुनं रेकॉर्ड केलेलं 'सीइंग' हे शेवटचं गाणं म्हणून घातलं होतं, ते ऐकल्याशिवाय मोबी ग्रेप ऐकला म्हणू नका.

नंतरची वर्षं अवघड होती. स्किझोफ्रेनिया, दारू, ड्रग्ज, कधी हॉस्पिटल, कधी सरकारी निवारे, कधी नुसताच रस्ता, सॅन होजे आणि सांताक्रूझच्या भागात. जुने मित्र मधून मधून येऊन घेऊन जायचे, मोबी ग्रेपच्या नंतरच्या एकदोन प्रयत्नांत एखादं गाणं त्याचं असायचं. शेवटच्या वर्षांत तब्येत आणि डोकं थोडं थाऱ्यावर आलं होतं. १९९६ ला त्याने टीव्हीवरच्या 'एक्स फाइल्स' मालिकेच्या एका अल्बमसाठी 'लँड ऑफ द सन' हे गाणं रेकॉर्ड केलं, ते त्यात घेतलं गेलं नाही. त्याच वर्षी सांताक्रूझला मोबी ग्रेपबरोबर स्टेजवरही आला होता.

त्याला चार मुलं. त्यांतला ओमर पुढे मोबी ग्रेपबरोबर स्टेजवर वडिलांची गाणी गायला लागला.

डूबी ब्रदर्सशी याचा संबंध काय?

बरेच जण विचारतात, कारण तो बँड सत्तरच्या दशकात इतका मोठा झाला. ड्रमर जॉन हार्टमन १९६९ ला कॅलिफोर्नियात आला होता तो स्किपला भेटायला, मोबी ग्रेप परत जमतोय असं ऐकून. ते जमलं नाही, पण स्किपने त्याची टॉम जॉन्स्टनशी ओळख करून दिली आणि त्या दोघांचा जो बँड सॅन होजेत सुरू झाला तोच पुढे डूबी ब्रदर्स. लोकांच्या भेटी घालून द्यायची त्याला जणू हौसच होती.

'मोअर ओर' म्हणजे?

बिल बेंटली नावाच्या माणसाने जमवलेला ट्रिब्यूट अल्बम, १९९९. 'ओर'ची सगळी गाणी वेगवेगळ्या लोकांनी गायलेली. प्लांटचं 'लिटल हँड्स', टॉम वेट्सचं 'बुक्स ऑफ मोझेस', मार्क लॅनेगनचं 'क्रिपल क्रीक', रॉबिन हिचकॉकचं 'ब्रोकन हार्ट', मडहनीचं 'वॉर इन पीस', बेकचं 'हॅलो ऑफ गोल्ड'. शेवटी लपवलेलं 'लँड ऑफ द सन', खुद्द स्किपचं. वैद्यकीय खर्चाला मदत व्हावी हाही हेतू होता. बाजारात यायच्या आधीच स्किप गेला पण शेवटच्या दिवसांत त्याला ती गाणी ऐकवली होती.

टॉम वेट्सचं ऐका, बाकी मिळालं नाही तरी चालेल. पुढे २००९ मध्ये बेकने विल्को बँड, फाइस्ट वगैरे लोकांना घेऊन पूर्ण 'ओर' परत वाजवला, त्याच्या रेकॉर्ड क्लब या उपक्रमात, तोही शोधून बघा, त्यात मोठा बँड आहे आणि तरीही मूळ तीन ट्रॅकवाला जास्त भरलेला वाटतो.

कुठली आवृत्ती घेऊ?

साधा ऐकायचा असेल तर १९९९ ची संडेझ्ड या कंपनीची, त्यात १२ गाण्यांनंतर १० जास्तीची आहेत. ती बहुतेक तुकडे आहेत, बास आणि ड्रम्सवर काहीतरी शोधत बसलेला माणूस, पण 'धिस टाइम ही हॅज कम' सोडू नका. तुम्ही स्वतः गाणी करत असाल तर २०१८ चा तीन सीडींचा 'अँडओरअगेन' घ्या, त्यात आधी कधीच बाहेर न आलेलं खूप रेकॉर्डिंग आहे, आणि एखादं गाणं चुकतमाकत कसं जागेवर येतं ते कळतं. वर मी कसबाबद्दल जे भांडलो त्याचा पुरावा हाच.

सुरुवात कुठून करू, थेट 'ओर'पासून?

नको. थेट 'ओर' लावलात तर चार गाण्यांत बंद कराल. आधी 'ओमाहा', मोठ्या आवाजात. मग मोबी ग्रेपचा पूर्ण पहिला अल्बम, अर्ध्या तासाचा तर आहे. मग 'ब्लूज फ्रॉम अॅन एअरप्लेन', फक्त ड्रम्सकडे लक्ष देऊन. मग 'सीइंग'. एवढं झालं की 'ओर' काढा आणि तोही 'वेटेड डाउन' पासून, नंतर 'क्रिपल क्रीक', मग पहिल्यापासून सलग. 'ग्रे/आफ्रो'ला स्पीकर लहान असेल तर काही ऐकू येणार नाही, मोबाइलच्या स्पीकरवर तर अजिबात नाही, तो बास खालीच राहतो. हेडफोन लावा.